सोडलेले पुस्तक आणि सुटलेले पुस्तक

वाचायला घेतलेले पुस्तक अर्धवट राहते, या एकाच घटनेसाठी मराठीत दोन क्रियापदे वापरता येतात, आणि त्या दोहोंतला भेद या विषयाच्या मुळाशी आहे. वाचक पुस्तक सोडतो तेव्हा कर्ता तो स्वतः असतो: त्याने काही पाने वाचलेली असतात, पुढे वाचण्यात रस नाही असे त्याचे मत बनलेले असते आणि तो ते मिटून परत करतो किंवा कोणाला तरी देऊन टाकतो. पुस्तक सुटते तेव्हा मात्र कोणीच काही ठरवलेले नसते. पुस्तक आवडत होते, खूण म्हणून पानात घातलेला कागदाचा कपटा अजून तिथेच आहे, पण मध्ये पाहुणे आले, मुलांच्या परीक्षा आल्या, चार दिवस पुस्तक हाती घेणे झाले नाही, चाराचे पंधरा झाले, आणि पुढे त्या पुस्तकाकडे नजर गेली की नुसतीच चुटपुट वाटू लागली. अर्धवट वाचनाबद्दल वाचक जी खंत बोलून दाखवतात ती बहुतेक वेळा या सुटलेल्या पुस्तकांची असते. पण कारण सांगताना ते स्वतःच्या आळसाला, चंचलपणाला किंवा थेट बुद्धीलाच दोष देतात, आणि इथे निदान चुकते. पुस्तक सुटण्याची कारणे वाचकाच्या स्वभावापेक्षा वाचन या क्रियेच्या घडणीत आणि तिच्याभोवतीच्या व्यवस्थेत अधिक आहेत, आणि म्हणूनच ती दूर करता येण्यासारखी आहेत.

सार्वजनिक वाचनालयातली एखादी जाड, जुनी कादंबरी मिटलेल्या अवस्थेत डोळ्यांसमोर आडवी धरली, तर तिच्या पानांच्या कडेवर पुष्कळदा वाचनाचा इतिहास उमटलेला दिसतो. सुरुवातीची साठ-सत्तर पाने बोटे लागून काळपट झालेली, कोपरे दुमडून मऊ पडलेली आणि शिवणीपाशी सैल झालेली असतात. त्यापुढे कडेचा रंग हळूहळू उजळत जातो आणि शेवटाकडची पाने जवळजवळ कोरी राहिलेली असतात. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक पुस्तके पानांच्या कडा न कापताच विकली जात आणि वाचकाला कागद कापायच्या सुरीने एकेक जोडपान मोकळे करत पुढे जावे लागे, त्यामुळे पुस्तकाचा मालक कुठवर पोचला हे त्याच्या पश्चातही कोणाला पाहता येई. अर्धवट वाचन हा काही मोबाइल फोनने जन्माला घातलेला रोग नाही, एवढे या दोन साध्या खुणांवरूनही म्हणता येते.

या खुणांना आकड्यांत पकडण्याचा एक प्रयत्न २०१४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे गणितज्ञ जॉर्डन एलेनबर्ग यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये मांडला. किंडल या वाचनयंत्रावर वाचक आवडलेल्या ओळी अधोरेखित करतात आणि प्रत्येक पुस्तकातल्या सर्वाधिक अधोरेखित ओळी त्या काळी सर्वांना पाहता येत असत. एलेनबर्ग यांनी अशा पहिल्या पाच ओळींच्या पृष्ठक्रमांकांची सरासरी काढली आणि ती पुस्तकाच्या एकूण लांबीशी ताडून टक्केवारी मांडली. वाचक शेवटपर्यंत जात असतील तर अधोरेखने पुस्तकभर विखुरलेली असतील आणि ते आरंभीच थांबत असतील तर ती पहिल्या काही पानांत गोळा झालेली असतील, हा त्यामागचा साधा तर्क होता. स्टीफन हॉकिंग यांच्या १९८८ सालच्या 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' या पुस्तकाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या असल्या तरी ते पुरे वाचणारे थोडे, अशी त्याची ख्याती असल्यामुळे या मापाला त्यांनी हॉकिंग निर्देशांक असे नाव दिले. हॉकिंग यांच्या पुस्तकाचा आकडा ६.६ टक्के निघाला, तर तोमा पिकेटी यांच्या विषमतेवरील गाजलेल्या अर्थशास्त्रीय ग्रंथाचा २.४ टक्के. आपली ही मोजणी करमणुकीसाठी आहे, शास्त्रीय नाही, असे एलेनबर्ग यांनीच स्पष्ट केले होते, आणि ते रास्तही आहे, कारण वैचारिक ग्रंथात मुख्य प्रतिपादन आरंभीच येत असल्यामुळे अधोरेखने तिथे जमणे स्वाभाविक असते. तरीही त्या यादीतली एक तुलना विचार करायला लावते. डॉना टार्ट यांची 'द गोल्डफिंच' ही पावणेआठशे पानांच्या आसपासची कादंबरी ९८.५ टक्क्यांवर होती आणि डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची हजारावर पानांची 'इन्फिनिट जेस्ट' ही कादंबरी ६.४ टक्क्यांवर. दोन्ही कादंबऱ्या लांबलचक, दोन्ही नावाजलेल्या, पण एकीत वाचक शेवटापर्यंत अधोरेखन करत गेले आणि दुसरीत आरंभीच थबकले. तेव्हा केवळ जाडी पाहून वाचक हरतो असे मानता येत नाही.

कोणत्याही पुस्तकाचा सर्वांत महाग भाग म्हणजे त्याची सुरुवात. वाचनाच्या मानसशास्त्रात हे पुष्कळ आधी ध्यानात आले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॉर्टन ॲन गर्न्सबाकर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार मजकूर समजून घेणे म्हणजे मनात एक इमारत उभी करणे होय: आधी पाया घालायचा, मग पुढची माहिती त्यावर रचत जायची, आणि माहिती जुळेनाशी झाली की नवा पाया घालायचा. प्रयोगांत वाचक परिच्छेदाच्या किंवा प्रसंगाच्या आरंभीची वाक्ये पुढच्या वाक्यांपेक्षा हळू वाचतात असे आढळते, ते यामुळेच. परिच्छेदाबाबत जे खरे तेच मोठ्या प्रमाणावर पुस्तकाबाबत घडते. पेशवाईवरची एखादी कादंबरी उघडणाऱ्या वाचकाला पहिल्या तीस-चाळीस पानांत किती कामे करावी लागतात हे पाहण्यासारखे आहे. रघुनाथराव, राघोबा आणि दादासाहेब हा एकच माणूस आहे, माधवरावांच्या तोंडी तोच 'काका' होतो, आणि मातोश्री म्हणून ज्यांचा उल्लेख येतो त्या गोपिकाबाई आहेत, हे जुळवायचे. सरदारांची आडनावे, त्यांच्या जहागिरी, त्यांची आपसांतली वैरे लावून घ्यायची. फड, खलबतखाना, शनिवारवाड्यातले चौक यांचा नकाशा मनात काढायचा. आणि हे सारे करत असताना कथा अजून पुरती सुरूही झालेली नसते. कष्ट सगळे आधी आणि आनंद पुष्कळसा नंतर, असा हा व्यवहार आहे. एकदा पाया बसला की पाने भराभर उलटू लागतात, नावे सांगावी लागत नाहीत, एका शब्दावरून वाडा डोळ्यांसमोर उभा राहतो. पहिल्या पन्नास पानांत ज्याचे पुस्तक सुटते त्याने श्रम सगळे केलेले असतात आणि फळ मिळायच्या वेळेला तो उठलेला असतो.

खंड पडला की नेमके काय बिघडते याविषयीही संशोधन आहे आणि त्याचा निष्कर्ष काहीसा दिलासा देणारा आहे. अँडर्स एरिक्सन आणि वॉल्टर किंच यांनी १९९५ मध्ये 'दीर्घकालीन कार्यस्मृती' ही कल्पना मांडली. कार्यस्मृती म्हणजे मनाचा तो भाग, जिथे चालू कामापुरती माहिती थोडा वेळ धरून ठेवली जाते आणि ज्याची धारणा फार लहान असते. परंतु सरावाचा वाचक वाचलेल्या कथेचा आकृतिबंध टिकाऊ स्मृतीत अशा रीतीने साठवतो की एखाद्या खुणेसरशी तो पुन्हा हाती येतो. म्हणूनच कुकरची शिट्टी झाली, दारावरची घंटा वाजली, मधल्या वेळात दोन शब्द बोलावे लागले, तर परत आलेला वाचक क्षणभर अडखळतो आणि पुन्हा वाटेला लागतो. आकलनाचे फारसे नुकसान होत नाही. नुकसान होते ते दिवसांच्या खंडाने. आठ-दहा दिवसांनी पुस्तक उघडणाऱ्याला पात्रांची नावे ओळखीची वाटतात पण त्यांची नाती आठवत नाहीत, भांडण आठवते पण कारण आठवत नाही, आणि त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: मागची पाने पुन्हा वाचायची, म्हणजे महागड्या सुरुवातीची किंमत दुसऱ्यांदा मोजायची, किंवा तसेच पुढे रेटायचे, म्हणजे पाया नसलेल्या भिंतीवर विटा ठेवत जायचे. दोन्ही वाटा कष्टाच्या असल्यामुळे तो आजच्यापुरते पुस्तक मिटतो, आणि खंड आणखी लांबतो. पुस्तक सुटण्याची सारी यंत्रणा एवढीच आहे. ती सुरू व्हायला कंटाळा लागत नाही, नुसता विलंब पुरतो.

अर्धवट राहिलेले काम मनाला टोचत राहते, हा सर्वांचा अनुभव आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञेने १९२७ मध्ये बर्लिनमधल्या प्रयोगांवरून असे दाखवले की मध्येच थांबवलेली कामे माणसांना पुरी झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितक्याच ठळकपणे मिळाला नाही, त्यामुळे त्याला नियम म्हणणे धाडसाचे होईल. तथापि एक पुस्तक अर्धवट असेल तर ही टोचणी वाचकाला परत ओढून आणते आणि सात पुस्तके अर्धवट असतील तर तीच टोचणी त्याला कपाटापासून दूर नेते, असे दिसते. ज्या कपाटासमोर उभे राहताच सात ठिकाणचे देणे आठवते तिथे माणूस जाण्याचे टाळू लागतो.

आधुनिक काळाने यात भर घातली आहे हे नाकारता येणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी पडद्यासमोर काम करणाऱ्या माणसांचे अवधान वर्षानुवर्षे मोजले आहे. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे, अलीकडच्या वर्षांत ही सरासरी ४७ सेकंदांवर आली आहे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये 'अवधानाचा अवशेष' ही संज्ञा रूढ केली. एका कामाकडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाच्या मनाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, असा तिचा अर्थ. रात्री साडेदहाला फोन खाली ठेवून पुस्तक उघडणाऱ्या वाचकाची पहिली पाच-सात पाने वाया का जातात, डोळे ओळींवरून सरकत असूनही काही उमटत का नाही, याचे उत्तर या संज्ञेत आहे. पुस्तक नीरस नसते, वाचक अजून पुरता आलेला नसतो.

या संदर्भात मेरिॲन वुल्फ यांचा अनुभव विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण वाचन आणि मेंदू यांच्या अभ्यासातल्या त्या अग्रगण्य व्यक्ती आहेत आणि २०१८ च्या 'रीडर, कम होम' या पुस्तकात त्यांनी स्वतःवरच केलेल्या परीक्षेची हकिगत नोंदवली आहे. हेर्मान हेसे यांची 'द ग्लास बीड गेम' ही कादंबरी त्यांची तरुणपणीची आवडती. दिवसभर पडद्यावर मजकूर चाळण्याची सवय जडल्यावर त्यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि त्यांना ती वाचवेना. वाक्ये विनाकारण गुंतागुंतीची वाटू लागली, कथेची गती असह्य मंद झाली, आणि ज्या लेखकावर त्यांनी प्रेम केले होते त्याचाच राग येऊ लागला. ज्या बाईंनी वाचनाच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिले त्यांच्यावर ही पाळी यावी, यावरून सामान्य वाचकाने स्वतःला किती दोष द्यावा हे ठरवता येईल. वुल्फ यांनी मग रोज वीस मिनिटे, अधिक नाही आणि कमी नाही, त्याच कादंबरीसाठी राखून ठेवली. सुमारे दोन आठवड्यांनी त्यांची गती पुस्तकाच्या गतीशी जुळली, आणि ती कादंबरी त्यांनी पुरी केली. मन लावून, थांबत, मागचे पुढच्याशी जोडत केलेल्या वाचनाला त्या 'सखोल वाचन' म्हणतात. त्यांच्या मते ते जन्मजात मिळत नाही, मेंदूत ते घडवावे लागते, न वापरल्यास झिजते आणि सरावाने परत येते.

रोजचे ठरलेले माप हा त्या दोन आठवड्यांचा गाभा होता, आणि मराठी वाचनपरंपरेला ही गोष्ट शतकानुशतके ठाऊक आहे. जुनी पोथी म्हणजे सुट्या, आडव्या पानांचा गठ्ठा. वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापडाचे बासन. वाचणारा बासन सोडून पोथी चौरंगावर ठेवी, वाचून झालेले पान उचलून पालथे बाजूला ठेवी, आणि वाचलेले किती व उरलेले किती हे दोन ढिगांच्या उंचीवरून त्याला आणि समोर बसलेल्यांना सारखेच दिसत असे. एखादा विषय बासनात गुंडाळून ठेवणे, म्हणजे तो पुढे न नेणे, हा वाक्प्रचार त्याच कापडावरून मराठीत आला आहे. पारायण म्हणजे ग्रंथ आरंभापासून समाप्तीपर्यंत ठरलेल्या मुदतीत वाचणे, आणि त्याचे सारे बळ नियोजनात असे. 'ज्ञानेश्वरी'चे अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या सप्ताहात बसवल्या जातात. 'गुरुचरित्रा'च्या सप्ताहात दिवसांचे भाग अध्यायांच्या संख्येने समान नसतात; एका प्रचलित वाटपात पहिल्या दिवशी नऊ अध्याय येतात आणि पाचव्या दिवशी छत्तीस ते अडतीस असे तीनच, कारण अध्यायांची लांबी सारखी नाही आणि वाटप करणाऱ्याने वाचकाचा दम पाहिला आहे. 'दासबोधा'ची रचनाच अशी की वीस दशकांत प्रत्येकी दहा समास, एकूण दोनशे; रोज एक समास वाचणाऱ्याला आपण वर्षाच्या कोणत्या दिवशी शेवटाला पोचू हे पहिल्याच दिवशी सांगता येते.

याच परंपरेत अंशवाचनालाही मान होता, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय अनेक घरांत एकटाच नित्य वाचला जातो. 'गुरुचरित्रा'चे चौदावा आणि अठरावा हे अध्याय रोजच्या पाठात असतात. ग्रंथ पुरा वाचायचा तर ठरवून, त्यातला भाग वाचायचा तर तोही ठरवून, अशी ही शिस्त होती. निर्णयाशिवाय मध्येच थांबण्याला मात्र तिच्यात जागा नव्हती. पारायणाचा हेतू पुण्याचा असतो आणि अर्थ न कळताही ते पार पडू शकते, हा आक्षेप खरा आहे, आणि समाप्ती म्हणजे आकलन नव्हे हे मान्यच करायला हवे. म्हणून पारायणाची श्रद्धा कादंबरीला लावण्याचे कारण नाही. ठरलेली वेळ, ठरलेले माप आणि ऐकणारी माणसे ही पारायणाची व्यवस्था मात्र श्रद्धेशिवायही उपयोगी पडते.

छापील मराठी कादंबरीच्या पहिल्या बहरात हे माप संपादक ठरवून देत असे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः प्रसिद्ध झाली, म्हणजे आज जी जाडजूड कादंबरी म्हणून हाती येते ती तिच्या पहिल्या वाचकांना आठवड्याच्या घासाघासाने मिळाली होती. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या त्यांच्याच हातून अपुऱ्या राहिल्या, आणि तिथे तर अखेरपर्यंत जाण्याची सोय वाचकाला कधीच मिळाली नाही. वाचनालयांनी दुसऱ्या मार्गाने तेच काम केले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. अशा संस्थांतून घरी नेलेल्या पुस्तकावर परतीच्या तारखेचा कागद चिकटवलेला असे आणि ती तारीख वाचकाच्या पाठीशी उभी राही. एका वेळी एक किंवा दोन पुस्तके, ठरावीक दिवस, नंतर दंड. या बंधनाचा वाचकाला जाच वाटत असला तरी पुस्तक सुटू न देण्याचे काम ते चोख करत होते.

विकत घेतलेल्या पुस्तकाला परतीची तारीख नसते. प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शनातली सूट, पाच पुस्तकांचा संच, साहित्य संमेलनातल्या गाळ्यांवरची गर्दी यांमुळे खरेदीचा वेग वाचनाच्या वेगाला मागे टाकतो. मराठी ग्रंथव्यवहारासाठी ही खरेदी आवश्यक आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही; परंतु घरात आलेले पुस्तक आणि वाचायला घेतलेले पुस्तक या दोन वेगळ्या याद्या आहेत, हे वाचकाने मनाशी स्पष्ट ठेवलेले बरे.

पैसे मोजले म्हणून पुस्तक संपवलेच पाहिजे, ही भावना याच खरेदीतून येते. अर्थशास्त्रात हिला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात: जो पैसा किंवा श्रम परत मिळणारच नाही त्याकडे पाहून पुढचा निर्णय घेणे. हाल आर्कस आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामाची तिकिटे घ्यायला आलेल्या प्रेक्षकांपैकी काहींना नकळत सवलत दिली गेली आणि काहींनी पूर्ण दर भरला. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण दर भरणारे अधिक नाटकांना गेले, जरी नाटके सर्वांसाठी तीच होती. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक उरला नाही. पैशाची आठवण काही महिने पाय ओढत नेते आणि मग विरते. नको असलेल्या पुस्तकाशी झुंजणारा वाचक नेमके हेच करतो, आणि त्या झुंजीत हवी असलेली पुस्तके सुटतात.

म्हणून सोडण्याचा हक्क ठामपणे मानला पाहिजे. फ्रेंच लेखक आणि शिक्षक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले आणि त्यांत पुस्तक पुरे न करण्याच्या हक्काला तिसरे स्थान दिले. अमेरिकेतील सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा ठोकताळा अधिक व्यवहारी आहे: पन्नास वर्षांपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला पन्नास पाने द्यावीत, आणि पन्नाशी ओलांडलेल्याने शंभरातून आपले वय वजा करून उरतील तितकीच. सत्तर वर्षांच्या वाचकाला तीस पाने पुरतात, कारण त्याच्याकडे वेळ कमी असतो आणि पारख अधिक. मात्र हा ठोकताळा मराठीतल्या काही महत्त्वाच्या पुस्तकांवर अन्याय करील. किरण नगरकर यांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) काळाचा क्रम मोडून चालते. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' (२०१०) मोहेंजोदडोच्या उत्खननापासून सुरू होऊन आठवणींच्या थरांतून जाते आणि त्यांच्याच आधीच्या 'कोसला'चा वेग मनात धरून आलेल्या वाचकाला ती आरंभी दाद देत नाही. अशा पुस्तकांना पन्नासऐवजी शंभर पाने द्यायला हवीत, आणि तरीही जमले नाही तर ती वयाच्या वेगळ्या टप्प्यासाठी ठेवून द्यावीत. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' मात्र लेखांचे पुस्तक आहे. त्यातला कुंतीवरचा लेख वाचून थांबलेल्या वाचकाने काहीही अर्धवट ठेवलेले नसते. शब्दकोश, कवितासंग्रह, पत्रसंग्रह यांबाबत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

सुटण्यावरचे उपाय वर सांगितलेल्या कारणांतूनच निघतात. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'सारखी सातशेच्या वर पानांची कादंबरी रोज वीस पाने या मापाने पाच-सहा आठवड्यांत पुरी होते, आणि ती कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा निवेदकांच्या मुखांतून सांगितलेली असल्यामुळे विसाव्याच्या जागा लेखकानेच आखून दिल्या आहेत. तथापि निवेदक बदलतो ती जागा धोक्याचीही आहे, कारण तिथे नवा पाया घालावा लागतो. त्यामुळे दिवसाचे वाचन निवेदन संपताच न थांबवता नव्या निवेदनाची दोन-तीन पाने वाचून थांबवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाचक चालू प्रवाहात उतरतो. पहिल्या पन्नास पानांसाठी मात्र रोजचे माप पुरत नाही. ती शक्यतो सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत वाचावीत, कारण पाया अर्धा घालून सोडण्यात सर्वांत मोठे नुकसान आहे. पात्रांची नावे आणि नाती लिहिलेली एक चिठ्ठी खुणेच्या पानातच ठेवली, तर खंडानंतर परतताना ती पूर्वकथेचे काम करते. घरात ऐकणारे कोणी असेल तर एखादे प्रकरण मोठ्याने वाचावे. श्राव्य पुस्तकांनी आज जे नव्याने आणले आहे ते पोथी वाचणाऱ्या घरांत होतेच.

एक तक्रार शाळांबद्दल करणे भाग आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून महाराष्ट्रात साजरा होतो आणि त्यानिमित्ताने मुलांच्या हाती पुस्तके येतात, ही चांगली गोष्ट आहे; पण वाचलेल्या पुस्तकांची संख्या विचारण्याची पद्धत जिथे पडते तिथे मुले पातळ पुस्तके निवडू लागतात आणि न आवडलेले पुस्तकही संपवल्याचे सांगू लागतात. हे पुस्तक का सोडले, असे आपुलकीने विचारले तर मूल आपली आवड शब्दांत मांडायला शिकते. वाचन शिकवणाऱ्याने हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

दिवाळीच्या किंवा पाडव्याच्या आवराआवरीत पुस्तकांचे कपाट निघते, तेव्हा खुणा घातलेली पुस्तके बाहेर काढून त्यांचे दोन ढीग करावेत. जी पुढे वाचायची इच्छा उरलेली नाही ती खूण काढून जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत; लहान गावांतल्या वाचनालयांना अशा प्रतींची गरज असते. उरलेल्यांतले एकच पुस्तक निवडावे, बाकीची पुन्हा आत ठेवावीत, आणि त्याच रात्री जेवणानंतर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, खुणेच्या पानापासून दहा पाने मागे जाऊन ते वाचायला लागावे.